पडलेला टॉवर पुन्हा त्याच आकाराचा का?

सोलापुरात सिव्हिलच्या मुलांना स्ट्रक्चर शिकवतो. फेरीब्रिजचा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो, "सर, वाऱ्यानं पडलेले टॉवर पुन्हा तसेच का बांधले?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातल्या या वीजकेंद्राला आठ कूलिंग टॉवर, म्हणजे केंद्रातलं गरम पाणी हवेनं गार करणारे मनोरे होते, सुमारे ११४ मीटर उंच. १ नोव्हेंबर १९६५ ला वादळात त्यांतले तीन कोसळले. कोसळले ते मागच्या रांगेतले, वारा थेट अंगावर घेणारे उभेच राहिले! पुढच्या टॉवरांच्या फटींतून घुसलेला वारा घुसळत मागच्यांवर आदळला. डिझाइन करताना रांगेचा हा परिणाम धरलाच नव्हता, आणि वेग घेतला होता मिनिटभराच्या सरासरीचा. काही सेकंदांचा जोरदार झोत हिशेबातच नव्हता.

त्यानं काय होतं, ते मी फळ्यावर मांडतो. टॉवरच्या काँक्रीटच्या कवचाच्या तळाशी वजनाचा दाब १० धरा आणि वाऱ्याची उचल ११. काँक्रीट ओढ पेलत नाही, म्हणून उरलेली ओढ १ सळईच्या वाट्याला आली. आता वाऱ्याचा वेग फक्त १० टक्के वाढवा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे उचल होते १३.३ आणि सळईवरची ओढ ३.३. तिपटीहून जास्त! कवच जेमतेम १२-१३ सेंटिमीटर जाड, सळईची जाळी एकच. कुठून पेलणार? हे गणित सुटताना वर्ग गप्प होतो, आणि मला वाटतं प्रत्येक सिव्हिलवाल्यानं ते एकदा तरी हातानं करावं.

आकाराचा यात दोष नव्हता. डमरूसारख्या दुहेरी वक्रतेमुळेच एवढं पातळ कवच एवढ्या उंचीवर उभं राहतं, आणि त्या उंचीमुळे गरम हवा पंख्याशिवाय वर खेचली जाते. गार झालेलं तेच पाणी पुन्हा फिरवता येतं. होटगीजवळच्या औष्णिक प्रकल्पाला उजनीहून पाईपलाईननं पाणी आणावं लागतं, तेव्हा त्याचं मोल सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून आकार ठेवला, हिशेब बदलला. तीन टॉवर अधिक मजबूत बांधले, उरलेल्या पाचांना बळकटी दिली. आज वाऱ्याच्या भाराचं आपलं भारतीय मानक, आयएस ८७५ (भाग ३), ३ सेकंदांच्या झोताचा वेग धरतं. फेरीब्रिज २०१६ मध्ये बंद झालं. ते आठही टॉवर पुढे वाऱ्यानं नाही, २०१९ ते २०२२ दरम्यान सुरुंग लावून पाडावे लागले.