ब्रिस्केटच्या मागे चार शनिवार

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

दोनदा शाम्पू केला तरी केसांना धुराचा वास येतोच आहे. उद्या सुट्टी म्हणून ठीक आहे, पण उशीला लागणार हा वास बहुतेक. असो. चार शनिवार झाले हे प्रकरण सुरू होऊन आणि आज कुठे जरा मार्गी लागलंय, तर झोपायच्या आधी लिहून काढते, नाहीतर सोमवारपर्यंत सगळं विसरून फक्त बिलं लक्षात राहतील.

सुरुवात रूममेटमुळे. महिन्याभरापूर्वी रात्री दोनला मला उठवून तिने एक व्हिडिओ दाखवला. कोणीतरी ब्रिस्केट, म्हणजे तासन्‌तास धुरावर शिजवलेलं छातीचं मांस, कापत होतं, बाहेरून कोळशासारखं काळं, सुरी लागली की आतून रस निथळतो, आणि मग तो काप बोटावर टांगून दाखवतात, वाकतो पण तुटत नाही. "अगं एवढं मोठं शहर आहे, कुठेतरी मिळत असेलच की!" मिळतं गं बाई, न मिळायला काय झालं. वीस तारखेनंतर परवडतं का, एवढंच विचारायचं होतं.

पहिल्या शनिवारी आम्ही गेलो ती जागा बघूनच मला कळायला हवं होतं. पिवळे बल्ब उघडे लटकवलेले, मुद्दाम खरवडलेली लाकडी टेबलं, पत्र्याच्या ट्रेमध्ये कागद घालून जेवण. गरिबीचा देखावा करायला जिथे एवढा खर्च केलेला असतो तिथे स्वस्त काहीच नसतं, हे आता कळतंय. भाव शंभर ग्रॅमचा होता आणि तो 'शंभर ग्रॅम' हा शब्द इतका बारीक लिहिलेला की आम्हाला वाटलं प्लेटचाच भाव आहे. वर मी काउंटरवर काय म्हणावं? "दोघींना पुरेल एवढं द्या." त्याने दिलं. भरपूर दिलं, हसत हसत दिलं. लोणच्यातल्या काकडीचे आणि कांद्याचेसुद्धा वेगळे पैसे. बिल आल्यावर रूममेट ते उलटं करून मागच्या बाजूला बघायला लागली, जणू तिथे काही सूट लिहिलेली असेल.

खोटं कशाला बोलू, चव भारी होती. म्हणून तर राग जास्त आला.

कारण ही मुळात गरिबाची थाळी. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा भाग, आयुष्यभर अंगाचं ओझं पेललेला, नुसता तव्यावर टाकला तर चामडं होतं. बरगड्या, खांदा, सगळे असेच चिवट भाग. अमेरिकेच्या दक्षिणेत जमिनीत खड्डे खणून रात्रभर निखाऱ्यांवर मांस शिजवायचं काम प्रामुख्याने गुलाम केलेले काळे लोक करायचे, आज ज्याला तिथली बार्बेक्यू म्हणतात तिची कला बरीचशी त्यांच्या हातून आलेली आहे. टेक्सासच्या मधल्या भागात जर्मन आणि चेक खाटकांची दुकानं होती, न खपलेलं मांस खराब होऊ नये म्हणून धुरावर ठेवायचं, आणि मजूर ते खाटकाच्याच कागदात गुंडाळून, खारी बिस्किटं घेऊन, उभ्याउभ्या खायचे. लॉकहार्ट गावातलं क्राइट्स मार्केट 1900 सालचं, तिथे वर्षानुवर्षं जेवायचे काटे मिळायचे नाहीत आणि सॉसही नाही. म्हणजे आमच्या ट्रेमधला तो कागद कुठून आला बघा! तिथे ताट द्यायची पद्धतच नव्हती म्हणून कागद, इथे इन्स्टाग्राम आहे म्हणून कागद.

आणि बर्न्ट एंड्सची गोष्ट तर कहर आहे. ब्रिस्केटच्या टोकाचे करपलेले तुकडे. कॅन्सस सिटीत आर्थर ब्रायंटच्या दुकानात हे काउंटरवर असेच पडलेले असायचे, रांगेत उभी असलेली माणसं उचलून तोंडात टाकायची, फुकट. 1972 मध्ये कॅल्विन ट्रिलिन या लेखकाने त्यांचं भरभरून कौतुक लिहिलं आणि झालं, लोक ते मागायला लागले. आमच्या त्या पत्र्याच्या ट्रेवाल्यांकडे मेन्यूवर सगळ्यात महाग काय होतं ते सांगायला नकोच.

दुसऱ्या शनिवारी आम्ही विरुद्ध टोकाला गेलो. कूपन. अर्ध्या भावात रिब्ज, म्हणजे बरगड्या, फोटोत चकाकणाऱ्या. गल्लीत शिरलो तर कसलाच वास नाही. मी रूममेटला म्हटलं पण, धूर कुठाय? तर ती म्हणे, "एसी असेल गं." एसी! रिब्ज आल्या त्या उचलल्या तर हाड हातात आणि मांस प्लेटमध्ये. बऱ्याच लोकांना हेच आवडतं, हाडावरून गळून पडलं की छान शिजलं असं समजतात, पण बार्बेक्यूच्या स्पर्धांमध्ये अशा रिब्जचे मार्क कापतात, चावा घेतला तर तेवढाच भाग निघावा आणि बाकीचं हाडाला धरून राहावं अशी अपेक्षा असते. आमच्या रिब्ज आधी पाण्यात उकडलेल्या होत्या याबद्दल मला शंका नाही. वरून गोडमिट्ट सॉस आणि त्यात बाटलीतला धूर इतका ओतलेला की रात्रभर ढेकर चार्जर जळाल्यासारखे.

बाटलीतला धूर म्हणजे काही रंगीत पाणी नसतं हां, तो खराच लाकडाचा धूर गार करून पाण्यात उतरवलेला असतो. 1895 च्या सुमारास कॅन्सस सिटीतल्याच अर्नेस्ट राइट नावाच्या फार्मासिस्टने तो विकायला काढला. दोन थेंब चालतात, यांनी वाटी घातली होती.

त्या रात्री चिडून मी वाचत बसले आणि एकेक उलगडत गेलं. ब्रिस्केट स्वस्त का होऊ शकत नाही तेही तेव्हाच कळलं. पाच-सहा किलोचा तुकडा घ्यायचा, त्याची जाड चरबी काढायची, मग साधारण 110 ते 130 डिग्रीच्या धुरात बारा-चौदा तास ठेवायचा, शेवटी हातात येतं निम्मं. म्हणजे कच्च्या मांसाचा भाव शिजल्यावर आपोआप दुप्पट, त्यात लाकूड आणि रात्रभर जागणाऱ्या माणसाची मजुरी अजून धरलेलीच नाही. मध्येच एक गंमत होते, आतलं तापमान 65-70 च्या आसपास आलं की अडकून बसतं, तासन्‌तास हलतच नाही. कारण काय, तर मांसाला घाम येतो. वरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि तेवढंच मांस गार पडतं, विस्तव घालतोय तेवढं घामाने जातंय. नवशिके इथे घाबरून आच वाढवतात आणि वाट लावतात, जाणकार कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात म्हणजे घाम सुकणं थांबतं. चिवट भागातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, हळूहळू विरघळून मऊ जिलेटीन व्हायला एवढा वेळ लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. तेव्हा कोणी फारच स्वस्तात ब्रिस्केट देत असेल तर आपण नक्की काय खातोय ते विचारावं.

आणि ती कापाच्या कडेची गुलाबी रेघ, जी बघून मी पहिल्या शनिवारी "आहाहा" केलं होतं? तिला चव नसते. धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात आणि रंग तसाच राहतो, बस. मी मात्र दुसऱ्या दुकानात भिंग घेतल्यासारखी ती रेघच शोधत होते.

तिसरा शनिवार पावसात गेला. जवळच्याच एका अमेरिकन डायनरमध्ये, म्हणजे साध्या खाणावळीत, घुसलो आणि खरं सांगायचं तर महिन्यातलं सगळ्यात निवांत जेवण तेच झालं. अंडी, कुरकुरीत किसलेला बटाटा, पॅनकेक, आणि कॉफीचा कप रिकामा झाला की कोणीतरी येऊन न विचारता भरून जातं. दोन-अडीच तास बसलो, कोणी उठवलं नाही. डायनरसुद्धा मुळात घोडागाडी होती म्हणे, 1872 मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस रात्रपाळीवाल्यांना गाडीतून खाणं विकायचा तिथून सुरुवात. सिरप मेपलचं नव्हतं, मक्याचं होतं, पण त्या भावात मेपल मागणं म्हणजे माझाच आगाऊपणा. तिथला बर्गर पण मस्त, पातळ चिरलेला ढीगभर कांदा कच्च्या खिम्यात दाबून तव्यावर करपवलेला. हा प्रकार ओक्लाहोमातल्या एल रीनो गावचा, 1920 च्या दशकातला, मांस परवडत नव्हतं म्हणून कांदा वाढवला. आता लोक कांद्यासाठीच खातात.

तर आज. पत्ता ऑफिसमधल्या एकाने दिला होता, गोदामांच्या मागे पार्किंगमध्ये, शनिवार-रविवारच. बसमधून उतरलो आणि दोघी एकदम थांबलो, वास आला. खरा, लाकडाचा. भिंतीशी ओंडके रचलेले, आणि गॅसच्या जुन्या टाकीला कापून, बाजूला भट्टी जोडून बनवलेला स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायचं यंत्र. तीनची वेळ. पाटीवर खडूने ब्रिस्केटवर काट मारलेली. संपलं.

रूममेटचं तोंड बघण्यासारखं झालं. चूक माझी होती, मीच कपडे वाळत घालत बसले होते. आम्ही परत फिरणार तेवढ्यात भट्टीजवळचा माणूस म्हणाला, "काप संपलेत, तुकडे आहेत. पावात घालून देऊ?" तुकडे म्हणजे टोकं, कडा, जरा कोरडा पडलेला पातळ भाग, खाली गळलेली काळी साल म्हणजे मांसाचा बाहेरचा करपलेला थर, सगळं एकत्र मोठ्या सुरीने धडाधड चिरलेलं, वर त्याच ट्रेमधला रस. शेजारी बीन्स, त्यातही तेच तुकडे. भाव पहिल्या शनिवारच्या पाव हिश्शाइतकाही नाही.

मी पहिला घास घेतला आणि काही बोललेच नाही. कापात मऊ जागा जास्त आणि काळी साल कमी असते, इथे प्रत्येक घासात साल. मिरी, मीठ, धूर, चरबी, आणि पाव खालून ओला होत चाललेला म्हणून घाईघाईने खायचं. रूममेटने दुसरा मागितला. मग तिसरा अर्धा-अर्धा.

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तो गप्पा मारत बसला. काल रात्री दहाला पेटवलं, तेव्हापासून खुर्चीत. ब्रिस्केटमध्ये फार काही सुटत नाही म्हणाला, लोक त्याच्यासाठी येतात म्हणून ठेवायचं, घर चालतं ते डुकराच्या खांद्यावर. खांदा स्वस्त असतो, चरबी आतपर्यंत पसरलेली असते, दोन तास इकडेतिकडे झाले तरी रुसत नाही. मी विचारलं, मग तुकडे एवढ्या कमी भावात का? तर म्हणे तीननंतर येणाऱ्याला काय महाग विकणार, साडेतीनला मी झोपतो.

परत येताना रूममेट हिशोब करत होती की पुढच्या वेळी अकराला पोचलो तर काप मिळतील. मी म्हटलं अकराला जा तू, मी आपली तीनला येते. त्यावरून बसमध्ये थोडं वाजलं. मग ती झोपली माझ्या खांद्यावर, आणि समोरच्या सीटवरच्या बाई सारखं वळून बघत होत्या, वासामुळे असणार.

येताना पावशेर तुकडे बांधून आणलेत, उद्या सकाळी अंड्याबरोबर खायचे असं ठरलंय. आत्ता स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. बघून येते.