जबड्याचा सांधा आणि स्कॅनची खिडकी

दोन वर्षांत माझी हनुवटी डावीकडे सरकली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळ्यांचं एकच, "पोरीले लकवा मारला." पण डोळा नीट मिटत होता, ओठ हलत होते. बिघडलं होतं ते चावणं. भाकरीचा तुकडा तोडताना वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेचनात.

नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे पाहिला आणि उजव्या कानापुढच्या सांध्यावर बोट ठेवलं. जबड्याचं तिथलं टोक वाजवीपेक्षा जास्त वाढलं होतं. कॉन्डायलर हायपरप्लेसिया. त्या टोकावरच्या कूर्चेला आयजीएफ-१ सारखे वाढीचे घटक वाढवतात आणि अशा सांध्यांत ते जास्त आढळलेत, असं त्यांनी सांगितलं. एकाच बाजूला का, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. वाढ चालू आहे की थांबली, यावर पुढचं ठरणार, म्हणून बोन स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन हाड कुठे जास्त वाढतंय ते कॅमेऱ्याने पाहणं.

तिथंच अडीच महिने गेले. स्कॅन दुसऱ्या दवाखान्यात. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठीतलं "चेहरा वाकडा" एवढंच वाचलं. "कॉस्मेटिकला सवलत नाही, ताई." बाबा कापसाची वेचणी सोडून पहाटेच्या एसटीने आले होते. दुसऱ्या खेपेला मॅडमचं पत्र नेलं, तर त्यावर शिक्का नव्हता. तिसऱ्या खेपेला कागद पूर्ण होते, पण त्या दिवशीचं इंजेक्शनच आलं नव्हतं. त्यातलं किरणोत्सारी टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, साठवून ठेवता येत नाही, हे मला पटतं. पण एक फोन करायला काय झालं होतं? बाबांनी पायरीवर बसून डबा उघडलाच नाही. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, चिठ्ठीवर आजाराचं पूर्ण नाव, "चावायला त्रास" हे शब्द आणि शिक्का घ्याच. आदल्या दिवशी फोन करून इंजेक्शन येणार का ते विचारा.

चौथ्यांदा झालं. शिरेत सुई, तीन तास पाणी पीत बसणं, मग कॅमेरा. दोन्ही सांध्यांनी मिळून शोषलेल्या औषधापैकी उजवीकडे ५९ टक्के, डावीकडे ४१. दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वाढ चालू असल्याची खूण. ऑपरेशनमध्ये सांध्याच्या टोकाचा वरचा थोडा भाग काढला.

आणि हो, जुने फोटो सोबत न्या. मॅडमनी माझी दहावी-बारावीची हॉलतिकिटं शेजारी ठेवून नाकावरून खाली पट्टी धरली होती. दहावीत हनुवटी पट्टीखाली बरोबर मध्ये, बारावीत बाजूला गेलेली. सरकणं कधी सुरू झालं, ते त्यांना तिथंच कळलं.