अभ्यासिकेचं वायफाय, नोंद तिसरी: माग निर्दोष सुटले

मागच्या नोंदीत तक्रार मांडून थांबलो होतो. नव्यांसाठी दोन ओळी. सोलापूरच्या पूर्व भागात मामांची अभ्यासिका आहे, ५६ टेबलं, एमपीएससीवाली मुलं. खाली यंत्रमाग, वर ही दोन दालनं, मध्ये जुनी जाडजूड दगडी भिंत. फायबर चांगलं आहे, वायरनं मोजलं तर पूर्ण वेग मिळतो. तरी दुपारी दोनला डबे उघडले की नेट बसतं, कारण एका हातात कडक भाकरी आणि दुसऱ्या हातात व्हिडिओ.

मामांचं निदान ठरलेलं होतं. "अरे, खाली माग सुरू झाले की नेट जातंय बघ. मोटारीचा करंट लागतोय त्याला."

मला ते पटत नव्हतं, पण न मोजता बोलायचं नाही हा आपला नियम. मागाची मोटार ५० हर्ट्झवर, वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, ठिणग्यांचा गोंगाट तिथवर फारसा पोचत नाही. एका संध्याकाळी वीज दुरुस्तीसाठी माग बंद होते आणि वर इन्व्हर्टर चालू होता. तेव्हा पिंग (छोटा संदेश धाडून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं) लावून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी माग धडधडत असताना पुन्हा लावला. दोन्ही दिवस तितकाच वाईट. "मामा, माग सुटले बघा निर्दोष," म्हटलं, तर म्हणाले, "मग कोण खातंय नेट?"

याचं उत्तर शोधायला एक जुना लॅपटॉप मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे आसपासचं सगळं वायफाय नुसतं ऐकत राहील असा, टाकून खिडकीत ठेवला. २.४ वर एका जागेवरून वायफायची ३१ नावं ऐकू आली. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या कित्येक राउटरांनी ४० मेगाहर्ट्झची रुंदी धरलेली, म्हणजे तीनातले दोन एकटाच गिळणार. वर प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी इथं आहे" असं ओरडतं, त्याला बीकन म्हणतात. ८०२.११बी या जुन्या वायफायचे सावकाश दर चालू असले तर हे ओरडणं १ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला दहा लाख बिटांनी होतं. ३०० बाइटांचा बीकन धरा: २.४ मिलिसेकंद, वर थोडी प्रस्तावना. दहानं गुणा. एकही बाइट कामाचा न जाता एका नावापोटी हवेतला अडीच टक्के वेळ गेला. एका चॅनेलवर दहा नावं असली की पाव भाग हवा नुसत्या हजेरीत संपते. आमच्याकडे तर मामांनी 'ऑफिस', 'मुलं' आणि 'पाहुणे' अशी तीन नावं काढली होती. दोन उडवली, जुने दर बंद केले, बीकन ६ एमबीपीएसवर आणला. तोच बीकन आता अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आटोपतो. खर्च शून्य.

यापुढचा भाग मात्र मला स्वतःला उशिरा कळला. वायफायमध्ये सगळे आळीपाळीनं बोलतात; आधी ऐकायचं, हवा मोकळी दिसली तरी थोडं थांबायचं, मग बोलायचं. पाळी मिळते ती पाकिटाची (डेटाच्या एका तुकड्याची), वेळेची नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हाची रांग आठवा. प्रत्येकाला एकच भांडं, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण एकानं अरुंद तोंडाचा कॅन लावला की तो भरेपर्यंत मागचे सगळे घागरी घेऊन ताटकळतात. आमच्याकडचे असे कॅन म्हणजे जिन्यातले दोन वायफाय कॅमेरे. दोन भिंतींपलीकडे असल्यानं ते ६.५ एमबीपीएसवर रखडलेले, आणि दोघांचाही व्हिडिओ २ एमबीपीएसचा. भागाकार तुम्हीच करा: एकेक कॅमेरा हवेचा तिसरा हिस्सा तरी खातो, पुन्हापुन्हा पाठवणं वेगळंच. मुलांना उरणार काय?

ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर टाकायची मुक्त प्रणाली) एअरटाइमची, म्हणजे हवेतल्या वेळेची वाटणी चालू केली, म्हणजे नळावर भांड्यांऐवजी मिनिटं मोजायची. ती ॲक्सेस पॉइंटकडून (वायफाय पसरवणाऱ्या डब्याकडून) जाणाऱ्या पाकिटांना लागू पडते. कॅमेरा उलट्या दिशेनं ढकलतो, त्याला लगाम बसत नाही. कॅमेऱ्यांना वायर ओढण्याशिवाय इलाज नाही.

आता तुम्ही विचाराल, सरळ नव्या पिढीचं वायफाय ६ का नाही घेत? मित्राचा राउटर आठवडाभर मागून आणला की. कागदावर गर्दीसाठी बांधलेलं पहिलं मानक तेच. वायफाय ४ (२००९) आणि ५ (२०१३) यांचा सगळा जोर एकाच ग्राहकाला जास्त वेग देण्यावर होता. ५ मध्ये एकाच वेळी अनेकांकडे पाठवण्याची सोय नंतर आली, पण हलत्या, वळत्या फोनांवर ती जेमतेम चालते. ६ मध्ये ओएफडीएमए आहे: २० मेगाहर्ट्झचा एक चॅनेल कापून एकाच वेळी नऊ जणांना तुकडे देता येतात, आणि फोनांनी कधी बोलायचं हेही राउटर सांगू शकतो. शिवाय बीएसएस कलरिंग, म्हणजे शेजाऱ्याच्या पाकिटावर वेगळा रंग दिसला आणि आवाज पुरेसा क्षीण असला तर न थांबता बोलायचं.

पण हे सगळं समोरचा फोनही ६ चा असेल तर. राउटरच्या यादीत दुपारी ४७ फोन होते, त्यातले वायफाय ६ चे ११. रंग लावणारा शेजारी एकही सापडला नाही. फरक जाणवला तो त्या ११ जणांना, थोडाफार. राउटर परत केला. तीन वर्षांनी मुलांच्या हातातले फोन बदलले की पुन्हा मागून आणेन. आज पैसे घालण्यात अर्थ नाही.

खरा फायदा झाला तो ५ गिगाहर्ट्झवर, आणि तोही उलट्या चालीनं. सगळे चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ लावतात, मी २० लावली. एका फोनचा वेग चाचणीत पडला, एकानं लगेच येऊन तोंड वाकडं केलं. पण ३६ ते ४८ मध्ये चार आणि १४९ ते १६५ मध्ये पाच, असे नऊ चॅनेल हाताशी आले. दोन दालनांना दोन ॲक्सेस पॉइंट, दोघांना वेगळे चॅनेल, पॉवर खाली. दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जात नाही, त्यामुळे ज्या भिंतीला वर्षभर शिव्या दिल्या तीच कुंपण झाली. मधले ५२ ते १४४ तूर्त सोडलेत. माझा राउटर तिथं रडारसाठी आधी मिनिटभर कान लावून बसतो आणि संशय आला की उठून जातो.

मग एक उद्योग केला. मोठ्या स्टेडियममध्ये ॲक्सेस पॉइंट खुर्च्यांखाली बसवतात, कारण माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, लहरी शोषून घेतं. मी आमचा छतावरून काढून मधल्या टेबलाखाली बांधला. दालन रिकामं असताना सिग्नल शेजारच्या गच्चीपर्यंत जात होता. मुलं भरली तसा आतल्या आत मावला. डबे उघडण्याच्या वेळी पिंग पूर्वी अर्ध्या सेकंदावर उडायचा, आता बहुतेक वेळा ३० मिलिसेकंदांच्या आत. कोपऱ्यातली दोन टेबलं मात्र नाराज आहेत, त्यांचं म्हणणं खरं आहे. आणि मागांचा कापूस टेबलाखाली लवकर साचतो. चार दिवसांत जाळीवर पांढरी लोकर चढली होती.

जाता जाता गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची नोंद. संक्रांतीच्या दिवसांत होम मैदानावर मोबाइल डेटा नावापुरता उरतो, म्हणून लोराचे (कमी विजेत लांबवर छोटे संदेश धाडणारं रेडिओ तंत्र) दोन नोड, म्हणजे छोटे रेडिओ, खिशात घेऊन गेलो, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. नोडांवरून 'पाळण्यापाशी ये' एवढा संदेश पोचत राहिला, व्हॉट्सॲपवर नुसतं घड्याळ. पण त्यावरून उड्या मारू नका. लोरात एसएफचा आकडा जितका मोठा तितकं बोलणं सावकाश: २० बाइटांचा संदेश एसएफ१२ वर १.३ सेकंद हवा धरून ठेवतो, एसएफ७ वर ५७ मिलिसेकंद. आधी ऐकण्याची शिस्त इथं वायफायइतकी कडक नाही. आम्ही दोघंच होतो म्हणून चाललं. गड्ड्यातल्या शंभर जणांनी एसएफ१२ लावलं तर सगळे एकमेकांच्या अंगावर बोलतील. मैदानात मी एसएफ७ वरच राहिलो, दारूकामाच्या रात्री गर्दी दाटली तेव्हा दोनदा संदेश हरवला, पुन्हा पाठवला.

मामांनी कॅमेऱ्यांच्या वायरीला हो म्हटलंय. दगडी भिंतीला भोक पाडायला लांब बिट लागणार, ते शेजारच्या मागवाल्याकडे आहे, आणि तो म्हणतो, "आधी माझ्या मागांची माफी मागायला सांग मामांना."