एसीतला कॅमेरा

शुक्रवार, १८ तारीख, रात्री साडेअकरा

आज फोटो आलेत तसे सत्तर-ऐंशी, पण ज्याच्यासाठी डबा सोडून पळालो तोच गेला.

आमच्या कोल्हापुरात आषाढातली त्र्यंबोली, म्हणजे टेंबलाई देवीची यात्रा मंगळवार-शुक्रवारी, म्हणजे बरोबर कामाच्या दिवशी, आणि देवीला आमच्या जीएसटीचं काय पडलंय. थ्री-बीची, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायची, २० तारीख परवावर आलीय आणि क्लायंट लोक आत्ता कुठं बिलं व्हॉट्सॅपवर टाकायला लागलेत, ती पण तिरकी काढलेली, निम्म्या बिलावर स्वतःचाच अंगठा. साहेबांना कालच बोलून ठेवलं होतं की दुपारी तासभर जाऊन येतो. "जा की, पण टू-बी जुळवून जा." टू-बी म्हणजे विकणाऱ्यांनी पोर्टलवर दाखवलेली बिलं, ती आमच्या खरेदीशी जुळवत बसलो, ३,२४० चा फरक काय सापडेना, आणि तेवढ्यात खालनं यात्रेच्या वाजंत्र्यांचं पी ढबाक ऐकू आलं. तो 'पीऽऽ' कानावर आला की आमचे पाय टेबलाखालीच हलायला लागतात, मग कसला फरक आणि कसलं काय, ड्रॉवरमधनं कॅमेरा काढला आणि जिना उतरलो.

रस्त्यावर भुरभुर पाऊस. नदीवरनं पंचगंगेचं नवं पाणी घेऊन गल्लीतल्या पोरीबाळी, बायका टेंबलाई टेकडीकडं निघालेल्या, डोक्यावर कलश. त्यात एक आज्जी, हिरवं लुगडं, अनवाणी. कलशातलं पाणी हिंदकळून कपाळावर आलेलं, त्याच्याबरोबर कुंकू ओघळून भुवईपाशी थांबलेलं, आता डोळ्यात जाणार, आणि दोन्ही हात वर अडकल्यामुळं पुसता येईना म्हणून ती तो एकच डोळा मिटून चाललेली. कॅमेरा डोळ्याला लावला तर सगळं पांढरं!

सकाळपासनं एसीत पडून गार झालेली लेन्स, बाहेर आषाढातली दमट हवा, काचेवर बाष्प धरलं. शर्टानं पुसलं, परत धरलं. गार काच पुसून उपयोग नसतो, ती बाहेरच्या हवेला आल्याशिवाय धुकं जात नाही, हे मला माहीत आहे, मीच दुसऱ्यांना सांगत असतो. बाबुराव पेंटरांनी ह्याच गावात १९१८ साली हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, मला हप्त्यावर घेतलेला नीट ठेवता येईना.

काच साफ होईपर्यंत आज्जी पुढं गेलेली. पाठमोरी मिळाली. पुढची दहा मिनिटं मंडळाच्या पोरांनी खाल्ली, "भावा, एक ग्रुप काढ की", मग "आता गॉगल घालून". त्यांचे फोटो मात्र एकदम शार्प आलेत.

ऑफिसात भिजलेले सॉक्स टेबलाखाली वाळत घालून बसलो. फरक पाच मिनिटात सापडला, एकच बिल दोनदा चढलेलं, चढवलेलं मीच. साहेबांनी फोटो बघायला मागितले. त्यांनापण गॉगलवालाच आवडला.

संध्याकाळी गल्लीतनं मटणाचा वाटा आला, पोटभर जेवलो आणि आत्ता पाठमोऱ्या आज्जीचा फोटो मोठा करून बघतोय. लुगडं पाठीला चिकटलंय, टाचेला चिखल. वाईट नाही. पण तो डोळा नाही.

मंगळवारी कॅमेरा पिशवीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवणार, एसीत आणणारच नाही. परत तास लागणार हे साहेबांना अजून सांगितलेलं नाही.