दुभाषी मुलगी

परदेशात जाऊन राहिलेल्या कुटुंबांवरच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला: त्यांतल्या आया आणि मुली सारख्या भांडतच का असतात? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

कपडे, लग्न, रात्री उशिरा येणं यांवरची भांडणं वाचताना मी पानं भराभर उलटते. ती कुठल्याही घरात होतात. इथे वेगळं असतं ते हे, की नव्या देशाची भाषा मुलीच्या तोंडी आधी बसते आणि मग आईच्या वतीने तीच बोलायला लागते. अमेरिकेतल्या चिनी आया आणि मुलींवरच्या, एमी टॅन या लेखिकेच्या 'द जॉय लक क्लब'मधला (१९८९) हॉस्पिटलमधला प्रसंग बघा. लीनाची आई चिनी, वडील गोरे. त्यांना चिनी कळत नाही. बाळ गेल्यावर आई बरळू लागते, जुन्या अपराधाची कबुलीच देते. ती काय म्हणतेय, असं वडील विचारतात. लीना धीराचं काहीतरी मनानेच जुळवून सांगते. आवाज कुणाचाच चढत नाही, पण आईची कबुली मुलीपाशी अडकून राहते ती कायमची.

याच पुस्तकाची बांधणीही नीट बघावी. सोळा कथा, चार भाग. पहिल्या आणि चौथ्या भागात मुख्यतः आया बोलतात, मधल्या दोन्हींत मुली. मुलींच्या कथांत आईचं इंग्रजी मोडकंतोडकं. तीच आई स्वतःची कथा सांगते तेव्हा एक शब्द अडखळत नाही. पुष्कळ लेखक नेमके इथे घसरतात. मुलीच्या कानाने ऐकलेली आई तेवढी लिहितात, मग ती एकतर विनोदी होते नाहीतर देव्हाऱ्यातली.

अर्थात भाषा एकच असली म्हणून सुटका नाही. पॉल मार्शल या लेखिकेच्या 'ब्राउन गर्ल, ब्राउनस्टोन्स'मधली (१९५९) मायलेकींची जोडी बार्बाडोस या इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन बेटावरून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला आलेल्या कुटुंबातली. घर घेण्याच्या ध्यासापायी आई खोटी पत्रं लिहून नवऱ्याची गावाकडची जमीन परस्पर विकते. मुलगी सेलिना तिला माफ करत नाही आणि पुढे पैशासाठी स्वतःच तसलाच डाव रचते. पैसा हाती येतो तेव्हा मात्र नाकारते, आणि जाताना लहानपणापासून हातात असलेल्या दोन चांदीच्या बांगड्यांपैकी एक पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात भिरकावते. दुसरी हातातच राहते.