सोडला म्हणजे जगला असं नसतं

"सोडाचाच व्हता त मंग धरला कायले रे बापा?"

हा प्रश्न आप्पांचा, म्हणजे माझ्या काकांचा. माझी रविवारची रात्र आणि त्यांची सोमवारची सकाळ अशा वेळी आमचा कॉल होतो, ते रावेरजवळ मळ्यात केळीला पाणी सोडून बांधावर बसलेले असतात आणि मी इकडे कोलोरॅडोत दिवसभर साउथ प्लॅट नदीत मांडीभर पाण्यात उभा राहून आलेलो असतो. मासा धरायला तीस मैल गाडी हाणायची, लायसन्सचे पैसे भरायचे आणि धरला की परत सोडायचा, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसत नाही. काकूचं उलटं. आमच्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे पोरगं मासे सोडतं म्हणजे पुण्यच करतं असं तिचं ठाम मत, आणि शेजारीपाजारी तसं सांगूनही झालंय. पहिल्या माशाचं काय झालं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

डेकर्स नावाचं छोटं गाव आहे, तिथली गोष्ट. थंडीचे दिवस, हातात लोकरीचे मोजे, आणि गळाला ब्राऊन ट्राउट लागला. काय सुंदर मासा असतो राव, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. (हा मूळचा इथला नाही बरं का, १८८३ साली जर्मनीहून याची अंडी अमेरिकेत आणली, म्हणजे तोही माझ्यासारखाच बाहेरून आलेला.) मी त्याला ओढत काठावरच्या खड्यांवर घेतला, दोन्ही हातांनी गच्च आवळला आणि मित्राला म्हटलं काढ फोटो. त्याचा फोन लॉक. मग पहिल्या फोटोत माझे डोळे मिटलेले म्हणून दुसरा. मग माशाला नदीत टाकला, अक्षरशः टाकला, आणि तो गेला पण पोहत, आम्ही खूश. पंधरा-वीस मिनिटांनी खालच्या अंगाला मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली. दोन दगडांच्या बेचक्यात तोच मासा, पांढरं पोट वर. म्हातारा रागावला नाही, माझ्या मोज्यांकडे बघून एवढंच म्हणाला, "लोकरीचे का?"

हे मला समजलं ते केळीमुळे. आप्पा घड उतरवताना खाली पानं अंथरतात, मजुरानं घड जरा आपटला तरी त्यांचा आवाज पार पुढच्या शेतात जातो. लहानपणी मला वाटायचं एवढं काय, घड तर हिरवागार चांगला दिसतोय. पण केळीचा मार त्या दिवशी दिसतच नाही, माल पिकायला लागला की मग काळं पडतं आणि व्यापारी भाव पाडतो. माशाचं डिट्टो तसंच. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, आपल्याला किळस येते पण तोच त्याचा बुरशीपासून, जंतूंपासून बचाव, आणि कोरड्या हातानं नाहीतर लोकरीनं धरलं की तो पुसला जातो. मासा शेपूट हलवत जातो, आपण टाळ्या वाजवतो, पुढचं कोण बघतं.

१९९२ साली कॅनडातल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यांनी रेनबो ट्राउटला दमेपर्यंत पळवलं. नुसते दमवलेल्यांपैकी १२ टक्के मेले, दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के, आणि हे सगळं बारा तासांच्या आत. माझे दोन फोटो म्हणजे मिनिटाच्या वरच गेलं असणार.

आता मी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करूनच निघतो, त्यानं एखाददुसरा मासा सुटतो, सुटू दे. खेळवत बसायचं नाही, लवकर जवळ आणायचा. नेट रबराची, गाठीच्या दोरीची नाही. मासा नेटमधे, नेट पाण्यात, आणि हात आधी नदीत बुडवून ओले केलेले. उलटा केला की मासा जरा शांत होतो, मग फोर्सेप्सनं गळ काढायचा. कल्ल्यात बोटं अजिबात घालायची नाहीत आणि पोट दाबायचं नाही. गळ पार घशात गेला असेल तर उपटायचा नाही, दोरा जवळून कापून टाकायचा. मग तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली नुसता हात द्यायचा, कल्ले लयीत हलायला लागतात, आणि मग तो जातो तेव्हा शेपटीचा एक फटका मनगटाला बसतो आणि बर्फासारखं पाणी बाहीत शिरतं. तो फटका जोरात बसला की मला बरं वाटतं.

आणि थर्मामीटर. आप्पा यावर फार हसले. पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की आम्ही काठी गुंडाळून घरी येतो, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि दमलेल्या ट्राउटला श्वास परत सावरता येत नाही. डेकर्सला वरच्या धरणाच्या तळातलं गार पाणी येतं म्हणून बरं, तरी जुलै-ऑगस्टच्या दुपारी जपावं लागतं. वीस अंशाला उन्हाळा म्हणता का रे, असं भुसावळच्या पंचेचाळीसमधे जन्म काढलेला माणूस विचारणारच. मी म्हटलं, आप्पा, मे महिन्यात भर दुपारी तुम्हाला मळाभर पळवलं आणि वरून नाक दाबलं तर? त्यावर ते गप्प बसले, काकू मात्र मागून हसली.

या रविवारी त्यांच्यासाठी मुद्दाम व्हिडिओ काढायला लावला. तिथं नेटवर्क नाही म्हणून घरी येऊन पाठवला. त्यात माझे दोन हात, पाण्यात बुडलेली नेट आणि शेवटी एक छपाक, एवढंच दिसतं. मासा वर उचललाच नाही तर दिसणार कुठून. आप्पांनी तो दोनदा बघितला.

"मासा कुठी हाये यात?" मग जरा थांबून, "ते जाळं रबराचं हाये नं? आपल्या घडायले चालीन का रे ते?"