खाणीची बातमी कधी येते?

भाचीने अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेवरचं विश्लेषण व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘मावशी, फक्त शुद्धलेखन बघ.’ माझा धंदा मुद्रितशोधनाचा. शुद्धलेखन बघायला बसलं की बाकीचंही वाचून होतंच.

सुरुवातीला लेखकाचा परिचय: जन्म वाटेगावचा, १ ऑगस्ट १९२०; मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगरात वास्तव्य; निधन १८ जुलै १९६९. त्यानंतर ऐसपैस कथासार. मग ‘दारिद्र्याचे विदारक चित्रण’, ‘समाजातील ज्वलंत वास्तव’, ‘काळजाला भिडणारी भाषा’. ऱ्हस्वदीर्घ सगळं बरोबर. पण यातलं एकही वाक्य या कथेचं म्हणून ओळखू येत नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गरिबाच्या कथेखाली चिकटवलं असतं तरी खपून गेलं असतं.

पोरीला तरी काय बोलणार! दहावीला रसग्रहणाचे मुद्दे आखून दिलेले: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. कॉलेजात गेल्यावर कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती असे नवे मुद्दे आले, एवढाच फरक. प्रत्येकाखाली चार ओळी भरायच्या की झालं.

रविवारी ती भांडुपला आली तेव्हा मी कागद बाजूला ठेवायला लावले आणि एकच विचारलं, ‘खाण पुन्हा सुरू होणार ही बातमी कधी येते?’

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी: भीमा वारणेकाठचा धिप्पाड गडी. पोटासाठी मुंबईत येतो, उपनगराच्या टोकाला दगडखाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. मसणातल्या राखेत एक दिवस त्याला अंगठी सापडते आणि पुढे राख चाळून सोनं शोधणं हाच त्याचा रोजगार होतो. मग पुरलेली मढी उकरणंही आलं. एका रात्री मढ्यापाशी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. पहारीने जबडा उचकटून तोंडातलं सोनं काढताना बोटं त्याच जबड्यात अडकतात. बोटं जातात. आणि मग बातमी येते.

‘शेवटी,’ ती म्हणाली.

‘ती आधी आली असती तर?’

‘तर तो गेलाच नसता ना मावशी. गोष्टच झाली नसती.’

बरोबर. पण परीक्षकाला सांगण्यासारखं इथूनच सुरू होतं. लेखकाने बातमी भीमापासून दडवली आणि वाचकापासूनही दडवली. वाचकाला ती आधी कळली असती, तर त्या रात्रीचं प्रत्येक वाक्य आपण ‘अरे, नको जाऊस’ म्हणत वाचलं असतं. ती उशिरा कळल्यामुळे आपण त्या रात्री भीमाच्या बाजूने असतो, सोनं मिळावं असंच आपल्यालाही वाटत असतं. शेवटी नुकसान त्याचं होतं, पण त्या रात्री आपणही त्याच्यासोबत पहार धरून उभे होतो. हे नीट मांडलं की ‘काळजाला भिडणारी भाषा’ लिहायची गरज उरत नाही.

तिचं पुढचं म्हणणं, ‘म्हणजे नशीब वाईट, दुसरं काय?’ इथे आमचं बराच वेळ वाजलं. कथेचा शेवट योगायोगावर उभा आहे हा आक्षेप कोणीही घेऊ शकतं, आणि विश्लेषणात तो आपणच आधी घ्यावा असं माझं मत. पण नशीब म्हटलं की विषय संपतो. ती पहार कुठली, हे बघ म्हटलं. दगड फोडणाऱ्या माणसाचं ते हत्यार. काम गेलं तरी हात तेच, ताकद तीच, हत्यारही तेच. फक्त दगडाच्या जागी मढं आलं. खाणीने ज्या हातांना पोसायचं, तेच हात रिकामे राहिले म्हणून मसणात गेले आणि खाणीने पुन्हा बोलावलं तेव्हा ते कामाचे राहिले नव्हते. खाण कोणी आणि का बंद केली, याची चर्चा कथा करत बसत नाही. ते गप्प राहणंही लिहिण्यासारखं आहे.

मध्येच तिने विचारलं, मुंबईत कसल्या दगडखाणी? तिच्या पिढीला खाण म्हणजे चंद्रपूरकडची काहीतरी गोष्ट वाटते. काळ्या घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठव म्हटलं. त्याच्या भिंतींचा काळा दगड कुर्ल्याचा आणि पिवळसर दगड मालाडचा. कांदिवली, चांदिवली, सगळीकडे डोंगर फोडले गेलेत. तिला हे इतकं आवडलं की त्यावर अख्खा परिच्छेद लिहायला निघाली. मी अडवलं. एक वाक्य पुरे. उपनगर हे कथेत नुसतं ठिकाण नाही, शहराला दगड पुरवणारी माणसं तिथे राहत होती, इतकंच. भीमा बायकोला सुनावतो ना, की खरी भुतं मुंबईत राहतात, त्याच्या आधी ते वाक्य टाक.

मुद्दे ठरवून कथा वाचायचीच नसते, असं काही मी म्हणत नाही. पण एक प्रश्न हातात धरून वाचलं की पात्र, वातावरण, भाषा आपोआप त्या प्रश्नामागे येतात. सुटे सुटे लिहिले की त्यांची यादी होते. शिवाय दर मुद्द्याला पुरावा हवा, कथेतलं अमुक वाक्य, अमुक शब्द. नुसतं ‘लेखक प्रभावीपणे दाखवतात’ याला मी प्रुफात लाल रेघ मारते.

बुधवारी दुसरा खर्डा आला. त्यात माझ्या डोक्यात अजिबात नसलेली एक गोष्ट होती. सोनं विकून भीमा लेकीसाठी खजूर आणतो. पोरीने लिहिलं होतं, या कथेत सोनं घरात सोनं म्हणून कधी राहतच नाही, ते लगेच खाण्याचं होतं. बायको ज्या सोन्याला भिते ते तिला दिसतं खजुराच्या रूपात. मी फोन करून सांगितलं, हे वाढव. ती म्हणाली, शब्दमर्यादा पंधराशेची आहे, आधीच वर गेलेय. मग वाटेगावपासून चिरागनगरपर्यंतचा सगळा परिचय काढायला सांगितला. ‘त्याचे मार्क असतात गं,’ म्हणाली. शेवटी एका ओळीवर तडजोड झाली, आणि खजुराला अर्धं पान मिळालं.